गुळवेलीवरची अळी

औरंगाबाद,
३ जुलै १९८३

ती. बन्सीदादास,

वच्छलाचा नमस्कार. वहिनीलाही नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडची खुशाली कळव, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू कळवणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. मागची दोन पत्रं तू वाचलीस की चुलीत घातलीस, देव जाणे. हे मात्र वाचून मग चुलीत घाल.

यात आबांविषयी एक अक्षरही नाही. हे बागेचं पत्र आहे. बागेशी तर तुझं भांडण नाही ना?

बाग तोडायची ठरली आहे. दसरा झाला की मोसंबीवर कुऱ्हाड चालवायची असा आबांनी लाकूडवाल्याला शब्द दिलाय. बघ, आलेच आबा. त्यांना वगळून बागेचं लिहायचं तरी कसं? मी रडले, भांडले, शेवटी पाय धरले, तेव्हा कुठं एवढा बहार राखायला कबूल झाले. औंदा फळ टिकलं तर बाग राहील, गळलं तर जाईल. तू कळशीनं पाणी घालून जगवलेली झाडं आहेत ती, म्हणून तुला कळवणं भाग आहे.

तू गेलास त्या दिवसाचं मला उगाळायचं नाही. पारावर अख्ख्या गावासमोर आबा म्हणाले, पोरानं औषधात पाणी वाढवलं अन् बाग खाल्ली. तू उलट एक शब्द बोलला नाहीस. वहिनीला घेतलंस, पैठणची एसटी धरलीस आणि पार कोपरगावच्या साखर कारखान्यात जाऊन बसलास. मला राग तुझाही आला होता. माणसानं भांडावं तरी. पण दादा, त्या दिवसापासून मी एकच काम करते आहे, बाग खरी खाल्ली कुणी ते शोधायचं. इथं युनिव्हर्सिटीत लोक विचारतात, या मुलीनं पीएच.डी.ला मोसंबीवरचा पतंगच का घेतला? मी सांगते, विषय चांगला आहे म्हणून.

तर ऐक. गळलेल्या फळाला टाचणीएवढं भोक असतं, दाबलं की त्यातून रस येतो, हे तूही पाहिलेलं आहेस. ते भोक एक मोठा पतंग पाडतो. दिवस मावळला की बागेत येतो आणि सोंड फळात खुपसून रस पितो. सोंड भलती टणक, टोकाला करवतीसारखे दाते. भोकातून फळ कुजतं आणि चार दिवसांत खाली येतं. तू पंप पाठीला लावून सकाळी उन्हाच्या आत फवारायचास. तेव्हा हे साहेब बागेत नसतातच. औषध घट्ट असो की पातळ, लागणार कुणाला?

पतंग सापडला, पण त्याची पिल्लावळ सापडेना. आधी अळी, मग कोष, मग पतंग, हे कुणालाच चुकलेलं नाही. मग अळ्या कुठं? मी बागेतलं पान न् पान उलटलं. सापडल्या त्या भलत्याच फुलपाखराच्या हिरव्या अळ्या. जो मोसंबीवर दरोडा घालतो तो मोसंबीतच वाढत असणार, असं मी धरून चालले होते. माझे सरही तसंच धरून चालले होते.

मागच्या भादव्यात मी गावी असताना मायनं सांगितलं, आबांच्या काढ्याला गुळवेल आण. बांधावरच्या कडुलिंबावरून वेल खाली ओढली, तर पानामागं बोटाएवढी काळी मखमली अळी. कुशीला दोन मोठाले डोळे, खरे नव्हेत, नुसते भेडसावण्यापुरते. तिनं मान मुडपून पुढचं अंग उचललं आणि मी अशी किंचाळले की माय काठी घेऊन धावत आली. तिला वाटलं, साप. मी तिला मिठी मारून नाचायला लागले, तेव्हा तिला वाटलं, पोरगी शिकून शिकून बिघडली.

मुरंब्याच्या बरणीत अळी, वर गुळवेलीची पानं, तोंडाला मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, लोणचं का? मी हो म्हणाले. इथं आल्यावर अळीबाईसाहेबांनी पानं भराभर खाल्ली, उरलेली अंगाभोवती ओढून कोष केला आणि पंधरवड्यानं बरणीत आपल्या बागेतलाच पतंग बसलेला. वरचे पंख वाळक्या पानासारखे, आतले नारिंगी, त्यांवर काळे डाग. मी बरणी थेट सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं, त्यात या पतंगाची अळी अशा वेलींवर वाढते एवढ्या दोन ओळी होत्या. आपल्या भागात मात्र कुणी बांधावर जाऊन बघितलेलं नव्हतं. सर म्हणाले, ‘तुम्ही बघितलंत. आता वेल काढा आणि फळ टिकतं का ते दाखवा.’

आता यातली अवघड गोष्ट. आपल्या बागेभोवती प्रत्येक कडुलिंबावर गुळवेल लावली मायनं. आबांच्या तापाच्या वर्षी तिनं काडी काडी खोचली, उन्हाळ्यात पाणी घातलं, निम्म्या गावाला काड्या वाटल्या. तिला हे सांगताना माझी जीभ उचलेना. ऐकून ती नुसती उठून गेली. दोन दिवस बांधाकडं फिरकली नाही. मग हळदकुंकू घेऊन बांधावर गेली, एकेका वेलीला वाहिलं, हात जोडले आणि कोयता मागितला.

वैशाखात सगळ्या वेली बुडातून कापल्या आणि मी मोठ्या तोऱ्यात परत आले. परवा जाऊन बघते तर काय, झाडांवर लटकत राहिलेल्या तुकड्यांनी दोऱ्यासारख्या मुळ्या खाली सोडलेल्या, त्या जमिनीला टेकलेल्या आणि वेल पुन्हा हिरवीगार. गुळवेल ही अशी मरत नसते हे मला कळायला हवं होतं. नाल्यापलीकडचे आप्पासाहेब बांधावर उभे राहून हसत होते. ‘काय मास्तरीणबाई, बाग वाढवताय की वेल?’ आबाही तिथंच होते. ते हसले नाहीत, एवढं मात्र मी पाहिलं.

उद्या परत जाते. आता झाडावर चढून तुकडा न् तुकडा उतरवायचा आणि जाळायचा. आणि नुसती आपली वेल काढून भागत नाही, पतंगाला पंख आहेत. शिवारातली सगळी काढायला हवी. ज्या वेलीनं घरोघरचे ताप उतरवले ती उपटा, असं गावाला कुठल्या तोंडानं सांगू?

उत्तर देऊ नकोस हवं तर. पण मनातल्या मनात बरं म्हण.

तुझी,
वच्छी


औरंगाबाद,
२९ सप्टेंबर १९८३

दादा,

बाग राहिली.

नमस्कार वगैरे सगळं मागून. आधी हे परत वाच आणि वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव. बाग राहिली, लाकूडवाल्याला आबांनी नाही म्हणून सांगितलं आणि तुझी बहीण सध्या जमिनीवर चालत नाही. मिजास म्हण हवं तर. इतकी वर्षं लोकांनी मला ‘अळ्यावाली’ म्हटलंय, आता चार दिवस मिजास केली तर काय बिघडलं?

गाव कसं वळलं ते सांगते. मी पारावर उभी राहून चित्रं काढून समजावलं. माणसं माना डोलवायची आणि घरी जायची. एकानंही कोयता उचलला नाही. शेवटी माय म्हणाली, तुझ्या त्या बरण्या दे इकडं. एकीत गुळवेल खाणारी अळी, दुसरीत त्याच जातीचा पतंग आणि मोसंबीची फोड. दोन्ही बरण्या पदराखाली घेऊन ती घरोघर गेली. बायांना चुलीपुढून उठवून बाहेर आणायची आणि पतंग फोडीत सोंड खुपसतो ते दाखवायची. म्हणायची, ‘मीच तुम्हाला काड्या दिल्या. ही अवदसा मीच गावात वाढवली. आता मीच सांगते, काढा.’ ज्या बाईनं वेल वाटली तिनंच उपटा म्हटल्यावर कोण काय बोलणार? शेजारच्या सारजाबाईनं तर स्वतः शिडी लावली. आषाढ संपायच्या आत नाल्याच्या आपल्या बाजूच्या शिवारात औषधाला गुळवेल उरली नाही.

म्हणजे एक उरली आहे. मायनं परसात एक वेल राखली आणि तिच्यावर जुनी मच्छरदाणी बांधली. आबांचा काढा बंद पडू द्यायचा नाही म्हणते. गावातल्या बाया मुद्दाम बघायला येतात. या घरात मच्छरदाणीत फक्त गुळवेल झोपते, बाकी आम्ही सगळे डास मारतो.

श्रावण गेला, भादवाही सरत आला. रोज सकाळी मी झाडाखाली बसून गळ बघायचे. पहिले पंधरा दिवस एक फळ पडलं तरी उलटसुलट करून भोक शोधायचे. मागल्या वर्षी दहातली चार फळं खाली होती. यंदा दहात एकही धड भरत नाही. बागेत तो आंबूस वासच नाही दादा. फळं पिवळी होऊन डहाळ्या खाली आल्यात, टेकू द्यावे लागलेत. मायनं एक सोलून हातावर ठेवलं, तेव्हा मला रडूच आलं. मी पोटभर रडले आणि मग चार खाल्ली.

नाल्यापलीकडं आप्पासाहेबांनी एकाही वेलीला हात लावू दिला नव्हता. सर म्हणाले, फारच छान, तुलनेला अशी बाग हवीच होती. त्यांच्या वेलींवर वाढलेल्या पतंगांना त्यांचीच फळं जवळ पडली, तिकडं गळलेल्या फळांचे ढीग पडलेत. काल ते आपणहून आले. मला वाटलं, भांडायला आले. तर म्हणतात, ‘वच्छलाताई, त्या बरण्या जरा आमच्या घरी बी पाठवा.’ मास्तरीणबाईची ताई झाले मी. बरण्या पाठवल्या, सोबत शिडीही पाठवली.

सरांनी निबंध लिहायला सांगितलाय. त्यातली एक गोष्ट मी फक्त तुझ्यासाठी केली आहे. बागेच्या कडेच्या एका ओळीवर मागल्याच वर्षी मी तुझ्याच मापानं औषध फवारून पाहिलं होतं, तुझा तोच पत्र्याचा डबा, तोच पंप. शेजारच्या ओळीत औषध दुप्पट घट्ट केलं. दोन्हीकडं गळ सारखीच. म्हणून निबंधात लिहिलंय की फवारणी योग्य मापानं झालेली होती, दोष फवारणाऱ्याचा नव्हता. सर म्हणाले, ‘फवारणाऱ्याचा’ हा शब्द शास्त्रात लागत नाही, काढा. मी म्हणाले, सर, बाकी काहीही काढा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि राहू दिला.

हे मी गावी जाऊन वाचून दाखवलं. कुणाला ते मागच्या पत्रातल्या कराराप्रमाणं लिहायला नको. पण हा करार मी आता मोडते, माझ्याच्यानं राहवत नाही.

आबांनी ऐकलं. मग म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. त्यांनी तुझा पंप कोठीतून काढला, ओट्यावर बसून पुसला, नळीतला गाळ काढला, तेल दिलं आणि परत ठेवला. त्या दिवशी जेवले नाहीत. मायनं विचारलं तर म्हणाले, पोट भरल्यागत वाटतंय.

परवा शहागंजच्या फळबाजारातून गफूरभाई बागवान बाग बघायला आले. सगळ्या ओळी फिरले, फळ हातात तोललं, खूष झाले. आप्पासाहेब, सारजाबाईचा नवरा, अजून पाच-सहा माणसं जमली होती. गफूरभाईंनी घोंगडीवर बसून रुमाल पसरला. त्यांची रीत तुला ठाऊक आहे, तोंडानं आकडा काढायचा नाही, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. त्यांनी हात रुमालाखाली घातला आणि आबांकडं बघितलं. आबांनी हात पुढं केलाच नाही. गफूरभाई आबांना म्हणाले, ‘कडूबा, हाथ देव ना. ऐसा माल पूरे शहागंज में नै आया.’

आबा उभे राहिले. ‘गफूर, ही बाग बन्सीनं वाढवली. मी चारचौघांत त्याच्यावर खोटा आळ घेतला. आता चारचौघांत सौदा बी तोच करील. मी नाय.’

आप्पासाहेबांनी खाली बघितलं. गफूरभाईंनी रुमाल झटकला, घडी घातली आणि म्हणाले, पुढच्या बुधवारी परत येतो, त्यापुढं हे फळ झाडावर थांबायचं नाही.

ते गेल्यावर मी आबांना म्हणाले, दोन ओळी लिहून द्या, पत्रात घालते. तर म्हणतात, मला लिहिता येत नाही. सातबारा घडाघडा वाचणारा माणूस! मी म्हणाले, मग माझ्याकडून लिहून घ्या. त्यावर म्हणाले, त्याला कशाला बोलवायचं, त्याची कामाची जागा आहे. आणि उठून गोठ्यात गेले. काल सकाळी पैठणची गाडी येताना दिसली तसे फाट्यावर जाऊन उभे राहिले. मी विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हणाले, कुणाची नाय, पाय मोकळे करतोय.

मी तुला ये म्हणत नाही. मी लहान आहे, आणि तुझ्या जिवाला किती लागलं होतं ते मी पाहिलंय. तू आला नाहीस तर तुला कुणी बोल लावणार नाही. फक्त बुधवारी काय होईल ते सांगते. गफूरभाई येतील, रुमाल पसरतील, आणि आबा हाताची घडी घालून उभे राहतील. त्यांना हलवणं मायला जमलेलं नाही, मला तर नाहीच. गफूरभाई रुमाल उचलून परत जातील. मग एवढं पिवळंधमक झालेलं फळ झाडावरच पिकेल आणि आठ दिवसांत सगळं खाली येईल. पतंगापासून मी ते वाचवलं, दादा. आबांपासून वाचवायचं शास्त्र मला येत नाही, ते तुलाच येतं.

आबांनी न सांगितलेला निरोप पोचवणारी,
तुझी वच्छी