गोदीच्या अंगाचा वास

जुना जालना,
रविवार, ता. २८ जुलै १९९६

थोरल्या जाऊबाई सौ. अक्का यांना,

बेबीनंदाचा पाया पडून नमस्कार. भावजींना बी नमस्कार, कारण वाचून दाखवणार तेच हायेत. इकडं सगळे खुशाल, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. तसं खुशाल काही न्हाई.

पाऊस बरा झाला. तुमच्याकडं कपाशीची खुरपणी चालू असंल. यांच्या दुकानात शाळेच्या कपड्यांची गर्दी हाय, जेवायला बी घरी येत न्हाईत. नळाला चार दिवसाआड पाणी. आणि असल्या पाण्यात मी गोदीला दोन महिने दिवसातनं तीन-तीन बार आंघोळ घातली. खोटं वाटत असंल तर शेजारच्या मालनबाईला विचारा.

अक्का, वास म्हणजे काय वास! मे महिन्यात तीन आठवडे तुमच्याकडं राहून आली ती हा वास घेऊनच आली. पाच वर्षांचं लेकरू ते. घामाचा वास मला कळतो, मुताचा कळतो, उवा झालेल्या डोक्याचा बी कळतो. हा तसला नव्हताच. कपाटामागं उंदीर मरावा तसा. न्हाऊ घालून, पुसून, पावडर लावावी तर पाच मिन्टात परत तेच. डाळीचं पीठ झालं, लिंबाचा पाला उकळून झाला, तुरटी झाली. वजरीनं पाठ घासली तर सालटं निघालं, पोरगी किंचाळली, वास जागच्या जागी. मालनबाई म्हणे जंत असतील, जंताचं औषध पाजलं. कुणी म्हणे दात किडला असंल. मंग मला वाटलं केसातच काहीतरी हाय. तुम्ही तेल लावून लावून वाढवलेले केस, न्हाव्याला बोलावून सफाचट करून टाकले. पोरगी आरशात बघून डोक्यावरनं हात फिरवत राह्यली.

बालवाडीच्या बाईनं तिला दारापाशी पोत्यावर बसवलं. म्हणे, "हवेला बसू द्या." हवेला! पोरं नाक धरून "घाण गोदी, घाण गोदी" करायची. मी जाऊन बाईशी कचाकचा भांडले आणि घरी येऊन पोरीच्याच पाठीत दोन घातल्या. वड्याचं तेल वांग्यावर. हे ताटावर बसले की म्हणायचे, तिला तिकडं बसव. बापानं असं म्हणावं का? पण मी तरी काय, तिच्याकडं पाठ करूनच झोपत होते.

मंगळवारी तिला ताप भरला म्हणून आम्ही दोघं दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरनं नाकात बॅटरी मारली आणि म्हणले, डाव्या बाजूला काहीतरी अडकलंय. नर्सनं डोकं धरलं, मी हात धरले, त्यांनी चिमट्यानं वढून काढलं. काळपट हिरवा बोळा, बोराच्या बीएवढा. असला वास सुटला की नर्सनं पदर नाकाला लावला. कापूस होता तो, आत सडून राह्यला होता. दोन दिवसांत वास बिलकुल गेला. पोरीनंच खेळता खेळता घातला असंल. तुमच्याकडं मधल्या खोलीत कापूस पडलेलाच होता तेव्हा. लेकराची जात, कुणी किती ध्यान ठिवावं.

इथवर लिहिलं आणि पेन ठिवून उठले. चहा केला, तो बी पिला न्हाई. अक्का, वरच्या शेवटच्या तीन ओळी खोट्या हायेत. खोडत न्हाई. खोडल्या तर तुम्हाला वाटंल, काय लपवून राह्यली.

भावजी, इथून पुढं मोठ्यानं वाचा आणि काही गाळू नका. एका जागी तुम्हाला गाळावंसं वाटंल, तिथं बी गाळू नका.

कापूस मी घातला. ज्या सकाळी हे गोदीला तुमच्याकडं सोडायला निघाले, त्याच सकाळी तिचा घोळणा फुटला. ऊन कसलं होतं ते तुम्हाला म्हाईत हाय. नाकातलं रक्त थांबंना, फ्रॉक सगळा भरला. बाहेर घनसावंगीचा जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला, आत हे वरडून राह्यले, जल्दी कर, जल्दी कर. मी वातीचा कापूस घेतला, तुपात बुडवला आणि नाकात दाबला. आमच्या आईची हीच रीत. रक्त थांबलं की काढून टाकायचा. मी फ्रॉक बदलला, पिशवी भरली, पोरीला जीपमधी बसवली. कापूस काढायचा राह्यला. यांना सांगायचं बी राह्यलं. तो आत सरकला असंल, मंग तुम्हाला कसं दिसावं?

आणि मला आठवलं न्हाई! आईच ना मी? दोन महिने तिची चामडी सोलत बसले, आणि ती सकाळ एकदा बी आठवू नये?

दवाखान्यात आठवली. बोळा बघितला अन् तुपात बुडवलेला कापूस डोळ्यापुढं आला. डॉक्टरनं विचारलं, "हे कुणी घातलं?" माझ्या तोंडातनं निघालं, "तिनंच घातलं असंल, लई आगाऊ हाय." डॉक्टर गोदीला म्हणले, "काय गं, तू घातलंस?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. ती म्हणे, "हो."

यांनी तिथंच तिच्या मुंडलेल्या डोक्यावर टपली मारली. मंग परवा मोंढ्याच्या बाजारात भावजी भेटले तर यांनी त्यांना सांगितलं, तुमच्या घरचा कापूस पोरीनं नाकात घातला, वहिनीचं ध्यान नव्हतं. भावजी, तुम्ही म्हणलात म्हणे, "बघतो आता तिच्याकडं." काय बघितलं असंल ते मला कळतं, तुमचा राग मला म्हाईत हाय. अक्काचा एका पैशाचा बी दोष न्हाई त्यात.

आता ती गाळायची जागा. महिन्यापूर्वी अक्का शेंगा घेऊन आल्त्या. गोदी पळत जाऊन त्यांच्या कडेवर बसली. अख्ख्या दुनियेत तिला जवळ घेताना नाक न मुरडणारं तेवढं एकच माणूस. अक्का, तुम्ही तिचं तोंड वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "बेबी, हिच्या एकाच नाकपुडीतनं पाणी येतंय. वास तिथलाच वाटतो. दवाखान्यात दाखव बाई." बराबर बोलत होत्या. आणि मी, मालनबाईच्या देखत, म्हणले, "तीन आठवडे पोरीला उकिरड्यात ठिवलं आणि आता मला शिकवता? पोटी लेकरू न्हाई त्यांनी लेकराची निगा सांगू न्हाई."

तुम्ही गोदीला खाली ठिवलं. शेंगा ओट्यावर ठिवल्या. पाणी बी न पिता गेल्या. भावजी, हे अक्कानं तुम्हाला सांगितलं नसंल. सांगणार बी नव्हत्या. तुमच्या शिव्या खाऊन घेतल्या असतील, पण माझं नाव काढलं नसंल. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

वास गेला, पण गोदी अजून कुणाजवळ जायच्या आधी आपल्या हाताचा वास घेऊन बघते. जेवायला आपणहून दारापाशी ताट घेऊन बसते. ये गं म्हणलं तर म्हणते, "इथं हवा हाय." काल मालनबाईनं हसत हसत विचारलं, "का गं, नाकात कापूस कुणी घातलता?" तर पोरगी म्हणे, "मीच घातलता." इतकं सराईत म्हणाली, जसं पाठच केलंय. खोटं बोलायचं मीच शिकवलं की तिला!

मी तिला घरात घेतलं, दार लावलं आणि म्हणले, "गोदे, कापूस मी घातलता. तू न्हाई."

म्हणे, "मला म्हाईत हाय." मंग विचारलं, "मोठ्या आईला सांगितलं?"

मी न्हाई म्हणले.

"मंग सांग ना."

म्हणून सांगून राह्यले. यांना अजून बोलले न्हाई, तोंड होत न्हाई. पाकीट उघडंच ठिवते आणि टाकायला त्यांच्याच हातात देते. वाचल्याशिवाय राहायचे न्हाईत ते. उद्या बालवाडीत बी जाते आणि ते पोतं उचलायला लावते.

या म्हणायचं तोंड मला न्हाई. शनिवारी गोदीला घेऊन मीच येते. मालनबाईला संग आणते, तिच्या देखत बोलले तर तिच्याच देखत पाया पडते. मला माफ करा न करा, बसा बी म्हणू नका. पोरगी मात्र तुमच्या दारात येऊन आधी आपल्या हाताचा वास घेईल. तिला तेवढा वेळ देऊ नका, अक्का. दिसली की उचलून घ्या.

तुमच्या लेकीची आई,
बेबीनंदा