बाबांना गटात घातलं

३ फेब्रुवारी, सोमवार
नवीन वही. ठराव: रोज लिहायचं. खाडाखोड नाही. रडगाणं नाही.
आई जाऊन चार महिने झाले. मी सावरलो. पहिल्याच आठवड्यात सावरलो, एक ड्यूटी चुकवली नाही. बाबा मात्र सावरत नाहीत. फोनवर काहीही विचारा, "हं." जेवलात का? "हं." काय जेवलात? "हं." आत्या शेजारच्या गल्लीत राहते. ती म्हणते, दादा दिवसभर खाटेवर बसून असतो. चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले, आता स्वतःच्या बाथरूमचा नळ ठिबकतोय आणि हा माणूस नुसता ऐकत बसतो.
इतक्या लांबून घर चालवायचं म्हणजे डोकं लागतं. ते आपल्याकडे आहे. शाळा आठवीला सुटली, डोकं नाही सुटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार, दुपार
उपाय सापडला. तसं आत्याने सांगितलं, पण निर्णय माझा. ज्यांचा नवरा किंवा बायको गेली अशा म्हाताऱ्या माणसांचा एक गट आहे. दर गुरुवारी चार वाजता, लायब्ररीच्या मागच्या खोलीत. एक रिटायर नर्स चालवतात, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात.
कारखान्यातूनच फोन लावला. मागे गाद्या शिवायच्या मशीनचा धडधडाट. सिस्टर म्हणाल्या, "त्यांनी स्वतः फोन केला तर बरं होईल." म्हटलं, ते मी बघतो, तुम्ही फॉर्म भरा. झोप किती? सहा तास. भूक? मध्यम. आवड? इथे अडलो. मग म्हटलं, गाणं. बाबांना गाताना कधी ऐकलं नाही, पण आवडीची जागा कोरी ठेवली तर माणूस कसा दिसतो.
शेवटी त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?" म्हटलं, हा प्रश्न फॉर्ममध्ये आहे का? नाही म्हणाल्या. मग सोडा, म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बाबा गेले नाहीत. पाय दुखतो म्हणे. कुठला, ते विचारलं तर "दोन्ही."

१३ फेब्रुवारी, गुरुवार
गेले! आत्याने हाताला धरून दारापर्यंत सोडलं. संध्याकाळी मी फोन केला तर कडाडले. "मी गातो म्हणून तुला कुणी सांगितलं रे?" बारा माणसं टाळ्या वाजवायच्या तयारीत गोल करून बसली होती. उभ्या जन्मात इतकी लाज वाटली नाही म्हणाले.
पण मुद्दा बघा. चार महिन्यांत पहिल्यांदा "हं"च्या पुढे गाडी गेली. फॉर्म कामाला आला.
खोलीतल्या पार्टनरला सांगितलं. त्याला आम्ही वकील म्हणतो, कारण तो पंख्याच्या स्पीडवरूनही वाद घालतो. म्हणाला, "तू गाद्याच शीव, माणसं नको." जळतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
बाबा दुसऱ्यांदाही गेले. गटाचे नियम विचारून घेतले. पहिला नियम: कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. हे काही पटलं नाही. सल्ला द्यायचा नाही तर बारा माणसं गोळा केली कशाला?
दुसरी पद्धत बरी आहे. बायका पुरुषांना स्वयंपाक शिकवतात आणि पुरुष त्यांना फ्यूज, बँकेचे कागद, नळाचा वायसर. बाबांनी पहिला भात करपवला. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी बोटाच्या पेराने पाणी मोजायला शिकवलं. आता भात जमतो. घरचा नळही बंद झाला.
ठराव: मीही स्वयंपाक शिकणार. उद्यापासून.

६ मार्च, गुरुवार
बाबा फोनवर हसले. एका आजोबांनी अंडं उकडायला ठेवलं आणि पाणी घालायला विसरले, यावर. बराच वेळ हसत होते.
यश माझंच आहे. आनंद झाला. आई जाऊन पाच महिने झाले. पाचच.

१० मार्च, सोमवार
तीनदा फोन केला, उचलला नाही. आत्याला लावला. ती म्हणाली, दादा टूलबॉक्स घेऊन शिवणवाल्या बाईंकडे गेलाय. परवाही गेला होता. येताना शर्टाची झिजलेली कॉलर उलटवून आणली त्यांच्याकडून.
नळ एकदा दुरुस्त केला की झाला. हे मला बाबांनीच शिकवलंय. मग दोनदा कशाला?

१२ मार्च, बुधवार
व्हिडिओ कॉल. दाराशी आईच्या चपला नव्हत्या. विचारलं. बाबा म्हणाले, "उचलल्या. बाई म्हणाल्या, एकट्याने उचलू नका, मी येते सोबत."
मी शांत राहिलो. जेवलो नाही, पण मेसची भाजी तशीही खाण्यासारखी नव्हती.

१३ मार्च, गुरुवार
पाऊल उचललं. चार वाजायच्या आत सिस्टरना फोन करून स्पष्ट सांगितलं: तुमच्याकडे एक बाई आहेत, त्या माझ्या भोळ्या वडिलांना नादी लावतायत. सिस्टरनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे वडिलांशी बोललात का?" म्हटलं, त्यांच्याशी काय बोलायचं, त्यांना काय कळतंय.
आत्यालाही सांगितलं. कुणाजवळ बोलू नको म्हणून बजावलं.
आईसाठी कुणीतरी उभं राहायला हवं.

१७ मार्च, सोमवार
आत्या कुणाजवळच बोलली नाही. फक्त दूधवाल्याजवळ आणि चार घरी.
आज बाबांनी स्वतःहून फोन केला. पहिल्यांदाच. म्हणाले, "तूच गटात घातलंस, तूच बाहेर काढलंस. आता उठू की बसू, तेवढं सांगा साहेब." मी काही म्हणायच्या आत ठेवला.
मला साहेब म्हणाले.
शिवणवाल्या बाईही आता गटात येणार नाहीत असं आत्या म्हणते. हे मात्र मी म्हटलं नव्हतं. मी फक्त नादाबद्दल बोललो होतो.

२० मार्च, गुरुवार
बाबा गेले नाहीत. "हं."

२७ मार्च, गुरुवार
नाही गेले. आत्या म्हणते, पातेलं पालथं पडलंय, बिस्किटं खातो. कालपासून दाढी नाही.
हेतू चांगला होता. हे मी वकिलाला समजावून सांगत होतो. तो कुशीवर वळला आणि म्हणाला, "आई गेली तेव्हा रजा टाकली नाहीस. चपला हलल्या तर एवढी पोलीसगिरी?"
ऑर्डर होती. सीझन होता. सुपरवायझर रजा द्यायला तयार नव्हता, म्हणजे विचारलं असतं तरी दिली नसती. हे मी सगळ्यांना सांगितलंय.
वकिलाशी बोलणं बंद.

३ एप्रिल, गुरुवार
साडेचारला फोन केला. उचलला नाही. जीव खाली-वर. सहाला उचलला. "घरीच होतो. डोळा लागला." दिवसा झोप म्हणजे लक्षण बरं नाही. सगळं आता माझ्यावरच आहे.

७ एप्रिल, सोमवार
ठराव: चूक दुरुस्त करायची. शिवणवाल्या बाईंची माफी मागायची. त्या परत आल्या की बाबाही जातील. मुद्दे काढले. पाच झाले. वकिलाला वाचून दाखवले (बोलणं चालू केलं). म्हणाला, "पाचही मुद्दे तू किती चांगला आहेस याचेच आहेत." दोन खोडले.

१० एप्रिल, गुरुवार
चार वाजून दहा मिनिटांनी सिस्टरना फोन लावला. बाईंचा नंबर मागितला. त्या म्हणाल्या, "इथेच बसल्यात. सगळ्यांसमोर बोलाल?" मुद्दे हातात होतेच. म्हटलं, बोलतो. स्पीकर लागला.
पहिला मुद्दा नीट झाला. दुसरा वाचतोय तर मागून खोकला आला. तो खोकला मी हजारांत ओळखेन. म्हटलं, बाबा? तुम्ही घरी होता ना?
"मागच्या गुरुवारपासून येतोय," म्हणाले. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या म्हणे, लोकांचं बोलून झालंय, आता चला म्हणून. मग मला का नाही सांगितलं? "सांगितलं असतं तर परत फॉर्म भरला असतास."
खोलीभर हसू. बाबाही हसले. माझे तीन मुद्दे हातातच.
मग बाईंचा आवाज आला. पहिल्यांदाच ऐकला. थकलेला, साधा. "माफी राहू दे, बाळा. तुझी आई कशी होती ते सांग. तुझे बाबा सांगायला घेतात आणि अर्ध्यावर थांबतात."
हे मुद्द्यांत नव्हतं. कागद उलटून पाहिला. मागे कोरा. तिकडे सगळे ऐकायला बसलेले. सल्ला नाही, घाई नाही, नुसते थांबलेले. मी तोंड उघडलं. आई कशी होती? ती रोज दुपारी एकला, माझ्या जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. तेवढंच समोर आलं. आणि मी काय म्हणायचो, ते.
कुणीतरी म्हणालं, लाइन गेली वाटतं. बाबा म्हणाले, "नाही गेली. आहे तो. त्याला वेळ लागतो."
मी तेच म्हणालो, "कामात आहे, नंतर करतो." आणि ठेवला.
आज मशीन दुरुस्तीला काढलंय. कारखाना दिवसभर बंद होता.