आदेलीनाची वेळ

धाकट्या आदेलीनाबाईंस (रागावू नकोस, शिकागोत राहणाऱ्या माणसाला 'बाई' म्हणावंच लागतं) सान्ता रीताच्या चर्चची घंटा वाजवणाऱ्या थोरल्या भावाचे, निकानोरचे, आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा बरा नाही, पण त्याला माझ्यात धरायचं नाही असं ठरवलंय. तुझी पाठ कशी आहे? हॉटेलातल्या त्या ढीगभर चादरी अजून तूच धुतेस का? तिथे दुसऱ्या कुणाला हात नाहीत का?

तुझं पत्र पोचलं. कागदपत्रं झाली, बारा जूनला सकाळच्या बसने येतेस, हे वाचलं आणि सरळ जाऊन घंटा वाजवली. (मंगळवारी, भर दुपारी. आग लागली समजून चार जण बादल्या घेऊन धावत आले.) पुढे तू लिहितेस, "दादा, या खेपेला तरी स्टँडवर येशील, की पुन्हा गुडघा दुखेल?" पंचवीस वर्षांनी हा टोमणा! येतो त्याच्याकडे. आधी इथे माझी काय शोभा झाली ते ऐक.

सरकारने उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायला सांगितली, तेव्हा गावात सगळ्यात ताठ कोण राहिलं ते तुला माहीतच आहे. शाळा आणि बस सरकारी वेळेवर, घंटा आणि कोंबडे देवाच्या वेळेवर. लग्नाचं आमंत्रण आलं की माणसं आधी विचारायची, "देवाचे पाच की सरकारचे?" सव्वीस वर्षं मी काटा हलवला नाही. शेवटी सरकारच थकलं, घड्याळं बदलणं बंद केलं, आणि मी जिंकलो. आठवडाभर छाती काढून फिरलो. आठव्या दिवशी लक्षात आलं, की तुमच्याकडे ही थेरं अजून चालूच आहेत. हिवाळ्यात तुझे आठ तेच माझे आठ. मार्च आला की तुझं घड्याळ पुढे जातं आणि तू आणखी एक तास लांब जातेस. लांब तर तू आहेसच गं, पण त्या एका तासाने जीव फार तुटतो. मी कॉफी घेतो तेव्हा तू घेत नसतेस.

म्हणून (हसायचं नाही) बाजारातून एक निळं घड्याळ आणलं, स्वयंपाकघरात लावलं, आणि दर मार्चमध्ये त्याचा काटा मी स्वतःच्या हाताने पुढे करतो. हो, मी! कुणाला दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकतो. तो उचलून बघितलं की आता तू डबा उघडत असशील, आता बूट काढून पाय चोळत असशील, एवढं कळतं. तेवढं पुरतं. पुरत नाही, पण चालवून घेतो.

तर गेल्या रविवारी फिलोमेनाकाकूंच्या नातीचा बाप्तिस्मा. डोक्यात तुझं पत्र घोळत होतं. उठलो तर टॉवेल घसरलेला, घड्याळात आठ! तसाच धावलो आणि आठच्या मिस्साच्या प्रार्थनेची घंटा ठोकली. वाजले होते सात. सगळं गाव धावत आलं. काकू केसांत कर्लर तसेच ठेवून, बाळाचा बाप एकाच बुटात. फादर आठशिवाय यायचे नव्हते. तासभर सगळे अंगणात ताटकळले, मक्याच्या पानांत वाफवलेले तमाले विकणारीची टोपली मिस्साआधीच रिकामी झाली. काकू कडाडल्या, "अरे निकानोर, ही वेळ कोणाची? देवाची की सरकारची?"

पाठीशी चर्च, खोटं बोलता येईना. म्हटलं, "आदेलीनाची."

आधी काकू हसल्या आणि मग सगळे. आता कुणी कुठे लवकर येऊन बसलं की म्हणतात, "हा आदेलीनाच्या वेळेने आला वाटतं." म्हणू देत. निदान दिवसातून दोनदा तुझं नाव कानावर पडतं.

तुझा दादा,
निकानोर

ता. क. गुडघ्याचं राहिलं. त्या मे महिन्यात तू गेलीस तेव्हा माझा गुडघा ठणठणीत होता. तू मनात धरलंस की दादा रागावला, निरोप द्यायलाही आला नाही. मी आलो होतो गं. बस सहाची. बरोबर सहाला मी स्टँडवर, हातात बारा तमाले, तुला वाटेत खायला. देवाचे सहा. सरकारची बस जाऊन तास झाला होता. हे कबूल केलं असतं तर सरकार जिंकलं असतं, म्हणून गुडघ्यावर ढकललं. त्या बिचाऱ्याने इतकी वर्षं ऐकून घेतलं, आता खरंच दुखतो.

आणखी एक. ते तमाले मी तिथेच बाकावर बसून एकट्याने खाल्ले आणि रडलो. लोकांना सांगितलं, मिरची जास्त झालीय. त्यात मिरची नव्हतीच. गोडाचे होते, तुला आवडतात ते.

शेवटचं. बस किती वाजता येते ते कळवू नकोस, त्या भानगडीत मी पडत नाही. बारा तारखेला पहाटेपासून त्याच बाकावर बसलेला असेन. तमाले गार झाले तर बोलायचं नाही.