भुऱ्याच्या दातांसाठी

पळसदरी,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ती. सासूबाईंना हर्षलाचा सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. सातवा लागल्यापासून इथली आई मला साधी बादली उचलू देत नाही. फोनवर तुम्हाला माझं बोलणं नीट ऐकू येत नाही, आणि यांच्याकडे दिलेला निरोप खालापूरला पोचेपर्यंत निम्मा सांडतो. म्हणून लिहिते. हे जेवायला बसलेत, निघतील तेव्हा पत्र यांच्या खिशात घालीन. तुमचंही असंच दर रविवारी यांच्या हाती द्या.

भुऱ्याचं सांगायचं होतं. लग्नात माहेरून मी तेवढा एकच जीव आणला, तो आता आठ वर्षांचा झाला. त्याच्या दातांवर पिवळं किटण चढलंय, तोंडाच्या वासाबद्दल तर तुम्हीच दहा वेळा बोललात. नेरळच्या माझ्या मैत्रिणीने, रियाने, तिच्या कुत्र्याला कोंबडीच्या कच्च्या माना घालायला सुरुवात केली. हाड चावून चावून दात घासले जातात. तिच्या कुत्र्याचे दात मी स्वतः तोंड उघडून बघितले, पांढरे झालेत. निघण्याआधी महिनाभर मी भुऱ्याला माना देत होते, तुम्हाला सांगितलं नाही इतकंच. कमळ्या चिकनवाल्याकडची पिशवी हे आणतील, पडवीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवतील. दिवसाआड एक मान. यांची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात तेवढी तुम्हाला घालावी लागेल. चिमट्याने उचला, हात लावू नका. आणि मान कच्चीच द्यायची, हे विसरू नका.

गळ्यात माळ असलेल्या बाईला मी हे सांगतेय, मला कळतं. लोभ आहे, तो माना बघून आटू नये.

तुमची,
हर्षला

खालापूर,
शनिवार, १६ नोव्हेंबर

चि. सौ. हर्षलास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं तेव्हा हातात चहा होता. तो मोरीत गेला.

अगं, बारा वर्षं झाली माझ्या माळेला. तुझे सासरे हयात असेपर्यंत मटण खात होते, पण मागच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. आणि ते पातेलं स्वतः घासत होते. मी त्याला कधी बोट लावलं नाही. आणि आता सून सांगते म्हणून मी कुत्र्याला माना वाढायच्या!

मंगळवारी पहिली काढली. मला वाटलं होतं, तुकडा असेल काहीतरी. पण मान ती मानच दिसते गं. सोललेली, ओलसर, एका टोकाला काळपट रक्ताची गुठळी. चिमट्यात धरली तर वाकडी होऊन लोंबायला लागली. भुऱ्याने दाढेखाली धरून कडाकड फोडली. फोनवर तुझं बोलणं ऐकू येत नाही, पण तो आवाज मला देवघरापर्यंत आला. खाऊन झाल्यावर त्याने ते तोंड माझ्या साडीला पुसलं. मी दुसऱ्यांदा अंघोळ केली आणि उपाशीच राहिले.

रूपेशला सांगितलं तर आये, तुला जमायचं नाय, असं म्हणून हसला. आता न जमवून सांगते कुणाला!

तू वेळेवर जेव, लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. आशीर्वाद आहेतच, पोटातल्याला वेगळे.

तुझी सासू,
ललिता

खालापूर,
शनिवार, ३० नोव्हेंबर

चि. सौ. हर्षलास अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मला हसतेस ते हस. पण आता माझी तक्रार नाही. मी माझा मार्ग काढलाय, कसला ते विचारू नकोस. भुऱ्या हल्ली मान अगदी मिटक्या मारत खातो, तू घालत होतीस त्याहून आवडीने. दात बघायला मी काही त्याचं तोंड उघडलेलं नाही. तेवढं माझ्याकडून होणार नाही.

गुरुवारपासून मार्गशीर्षाचे उपास सुरू होतील. तू धरू नकोस, तुझ्या वाट्याचाही मी करीन.

माया आहेच, ती काही दरवेळी लिहून कळवायची नसते.

ललिता

पळसदरी,
रविवार, ८ डिसेंबर

ती. सासूबाईंना सा. न.

हे आज भुऱ्याबद्दल धड बोलत नाहीत. पोट जरा बिघडलंय म्हणाले आणि लगेच भाताच्या मळणीचं काढलं. एरवी यांना मळणीतलं काही कळत नाही. डोळ्यांकडे बघत नव्हते. मी गरोदर आहे, खुळी नाही. तुम्ही तरी खरं काय ते लिहा.

वाट बघतेय.

हर्षला

खालापूर,
शनिवार, १४ डिसेंबर

चि. सौ. हर्षलास अ. आ.

आधी हे वाच की भुऱ्या जिवंत आहे, घरी आहे आणि आज सकाळी त्याने वाटीभर पेज प्यायली.

आता बाकीचं. रूपेशने लिहू नको असं बजावलं होतं, या दिवसांत तुला धक्का नको म्हणून. पण तू खरं विचारलंस. मी माना शिजवून घालत होते. मला ते कच्चं रक्त बघवेना. शिजलं की निदान अन्न होतं, अन्नाची काय किळस करायची, असं मी मनाशी ठरवलं. तुझ्या सासऱ्यांचं पातेलं माळ्यावरून काढलं, पडवीतली चूल पेटवली, पाण्यात हळद टाकली. उकळी आली की वर राखाडी फेस यायचा, त्यात कातडीचे पापुद्रे फिरायचे. नाकाला पदर लावून उभी राहायचे. हाड मऊ झालं म्हणजे त्याला चावायला सोपं, असंही मला वाटायचं. तू कच्चीच म्हणालीस ते मी तुझं खूळ समजले.

चार तारखेच्या बुधवारी तो पेरूखाली कुंथत बसलेला दिसला. खाली रक्त होतं. तोंडातून लाळ गळत होती आणि पंजाने तोंड ओरबाडत होता. रूपेशने टेंपो करून कर्जतला नेला, मी मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या सुया होतात. एक टाळ्यात रुतली होती, बाकीच्या आतड्याच्या शेवटाला अडकल्या होत्या. भूल देऊन काढल्या. आणखी दोन दिवस गेले असते तर आतडं फाटलं असतं, असं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. कच्च्याचंही ते कौतुक करत नाहीत. त्यात जंतू असतात, पोटुशी बाईने तर हातही लावू नये म्हणाले. तू महिनाभर लावत होतीस ते मी त्यांना सांगितलं नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंना मात्र सांग.

मी चुकले. माझ्या हाताने घातलं आणि तो बिचारा शेपूट हलवून खात गेला.

ललिता

पळसदरी,
रविवार, १५ डिसेंबर

ती. सासूबाईंना नमस्कार.

पत्र वाचून आधी रडले, मग राग आला. तो अजून आहे.

तुम्हाला किळस आली याचा राग नाही. जमत नाही असं एका ओळीने कळवलं असतंत तर मी माना बंद करायला सांगितल्या असत्या. तुम्ही मार्ग काढलाय, विचारू नकोस असं लिहिलंत, आणि मी ते आईला वाचून दाखवून हसले. तेव्हा त्याच्या पोटात सुया जात होत्या.

कच्चीच का, ते मी लिहिलं नाही ही माझी चूक. जंतूंचं मलाही ठाऊक नव्हतं, उद्याच तपासायला जाते. पण मला एक सांगा. जूनमध्ये मी कामावर रुजू झाले की बाळ दिवसभर तुमच्याजवळ असणार, असं आपण ठरवलंय. तेव्हा माझं एखादं सांगणं तुम्हाला पटलं नाही तर? तोंडावर हो म्हणून मागच्या पडवीत तुमच्या मनाचं कराल? आणि मला ते डॉक्टर सांगतील? इथली आई म्हणते, पोराला इथंच ठेव. मी तिला अजून नाही म्हटलेलं नाही.

लोभाचं आज काही लिहवत नाही.

हर्षला

खालापूर,
शनिवार, २१ डिसेंबर

चि. सौ. हर्षलास आशीर्वाद.

भुऱ्या बरा आहे. पण तीन आठवडे त्याच्या शीवर लक्ष ठेवायला सांगितलंय, एखादा तुकडा राहिला असेल तर म्हणून. ते मी करते. सकाळी तो मागच्या बाजूला जाऊन आला की मी काडी घेऊन बसते आणि सगळं उकरून बघते. बुधवारी एक निघाला, नखाएवढा, टोकदार. दात घासायला डॉक्टरांनी बोटात घालायची रबरी टोपी दिली आहे. त्याच्या गालात बोट घालते तेव्हा कोमट लाळ मनगटापर्यंत येते आणि तो वास, काय सांगू! मला ओकारी येते. आता येत नाही असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण ते खोटं होईल.

तू विचारलंस त्याचं उत्तर हो असं आहे. केलं असतं. मी तीन पोरं वाढवली, ही कालची मुलगी मला काय शिकवते, असं मनात आलं असतं आणि मी तुला न सांगता माझंच खरं केलं असतं. आठवडाभर दुसरं उत्तर शोधत होते, सापडलं नाही.

म्हणून आत्ताच विचारते. आपल्याकडे मूल जन्मलं की त्याला मधाचं बोट चाटवतात. रूपेशला मीच चाटवलं होतं, त्याला काही झालं नाही. मध विकायला येणाऱ्या धाऊकडून डोंगरातला मध मी दिवाळीतच आणून ठेवलाय, तुला न विचारता. शेजारची भाविका म्हणते, आता डॉक्टर चालू देत नाहीत. तर मध द्यायचा की नाही? नको असेल तर का नको, तेही लिही. पटलं नाही तर मी तुझ्याशी पत्रात भांडेन. पण तुझं उत्तर येईपर्यंत ती बाटली मी उघडणार नाही.

लोभ मागत नाही. उत्तर दे.

ललिता