बाजारातली मुकी

५ नोव्हेंबर

अंजू गेली.

फोन परक्या बाईचा. "कामरगावची रुख्मिणीबाई का? तुमची बहीण वारली. मी हिरीबाई, धनजच्या तांड्यावरून बोलून राह्यली. ताप डोक्यात गेला. दवाखान्यात नेता नेता..."

धनज! मी पुन्हा विचारलं. धनजच. आम्ही तर समजत होतो, लग्नाच्या आदल्या दिवशी पळाली ती रतनसिंगसोबत सुरतेला गेली. आमच्या शेतात सोंगणीला यायचा, तो तांड्यावरचा रतनसिंग. सगळं गाव सुरतच म्हणायचं. आणि धनज म्हणजे इथून जीपनं जाऊन दुपारी परत यावं एवढंच!

जगदेवदादाला सांगितलं. जेवत होता. हात थांबला नाही. "बाबानं जित्तेपणी तिच्या नावानं आंघोळ केलती. इसरली का? आपल्यासाठी ते कवाच मेली. आईले यातलं काही सांगू नको."

सांगितलं नाही. आई आत लसूण सोलत होती.

६ नोव्हेंबर

चेहरा आठवत नाही. किती प्रयत्न केला! आवाज मात्र आठवतो. दाराच्या चौकटीला टेकून "रुखमे" म्हणायची, शेवटचं अक्षर ओढून.

आज दुपारी भांडी घासताना तसंच कोणीतरी म्हटलं. हात राखेचे, तशीच उठून दार उघडलं. कोणी नाही. ऊन.

८ नोव्हेंबर

गेले. दादाला म्हटलं, कारंज्याला डोळे दाखवायला जाते.

तांडा अर्धा रिकामा. दिवाळी झाली, माणसं ऊस तोडायला निघाली. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, पोरं. हिरीबाई मला पाहून थबकली, तोंडावर हात. "अवं माय! चालणं तेच."

अंजूची खोली टिनाची. खुंटीवर आरशांची ओढणी. आढ्यात खोचलेला कोयता. माझ्या बहिणीचा कोयता! तव्याचा चटका बसला तर घर डोक्यावर घेणारी पोरगी ती.

हिरीबाई सांगत गेली. रतनसिंग दुसऱ्याच वर्षी मेला, उसाच्या ट्रॅक्टरखाली. "आमी म्हटलं, जाय बाई आता मायेरी. तर म्हणे, बुढीले कोण पाहीन? मंग स्वतः कोयता घेतला. शिव्या अशा दे, का मुकादम वचके."

बुढी म्हणजे रतनसिंगची आई, नानीबाई. आंधळी. खाटेवर बसली होती. माझ्या पावलांचा आवाज ऐकून चेहरा उजळला.

"आली का, अंजू?"

मी जवळ जाऊन बसले. तिनं माझे हात धरले, तळवे चाचपले. मग हळूच सोडून दिले.

"नाई. हे मऊ हायत."

९ नोव्हेंबर

काल एक गोष्ट लिहायची राहिली. लिहवत नव्हती.

निघताना हिरीबाई म्हणाली, "तुमची तिले सारी खबर राहे. बाजाराले कामरगावलेच जाय ना ते. सीताफळं, नाही तं भाजी घेऊन. घुंगट घेऊन बसे. घरी आली का सांगे, आज रुखमी खोकलून राह्यली होती. आज रुखमी रोडावली दिसली."

म्हणजे ती. एसटी स्टँडच्या भिंतीजवळची ती घुंगटवाली. बोटांनी भाव सांगायची. तोंडातून शब्द नाही. सगळे तिला मुकी म्हणायचे. मीही! "मुकीकडचीच सीताफळं घे, गोड असतात" — मीच वहिनीला सांगायची. पिशवीत एक जास्तीचं टाकायची ती. मी कधी पाहिलं का तिच्याकडे? हात पाहिले. काळे, चिरलेले. बाकी काही नाही.

बोलली असती तर मी आवाज ओळखला असता. म्हणून बोलली नाही.

१० नोव्हेंबर

आजही दुपारी आवाज. दार उघडायला गेले नाही. उघडंच ठेवलं.

११ नोव्हेंबर

बाजार. आईही सोबत आली होती. भिंतीजवळची जागा रिकामी, कोणी बसलंच नाही तिथं. शेजारची कांदेवाली म्हणाली, "मुकी काहून नाही आली वं?" त्या जागेकडे पाठ करून उभी राहिले. मानेवर कोणाची तरी नजर असल्यासारखं होत होतं. ती इथूनच पाहायची मला. पाठमोरी जास्त.

घरी आले तर हिरीबाईचा फोन. तिचाही ट्रक गुरुवारी निघतो. "बुढीजवळ कोणीच नाही राहत, बाई. भाकर कोण देईन तिले?"

१२ नोव्हेंबर

दादाला सगळं सांगितलं. धनज, कोयता, बाजार. म्हटलं, नानीबाईला इथं आणू. मागची खोली रिकामीच आहे.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. "तांड्यावरची बुढी या घरात? आण. मंग तिच्यासंग तूही बाहेर राह्य."

नवरा गेल्यापासून याच घरात आहे मी. जाऊ कुठे?

१३ नोव्हेंबर

काही ठरत नाही. आईशेजारी पडून राहिले दुपारभर. ती पाठीवरून हात फिरवत होती. काय झालं, एकदाही विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर

सकाळी उठले तर आई लुगडं बदलून ओसरीवर बसलेली. मांडीवर गाठोडं.

"तू नाही जात तं मी जातो. नानीबाई एकटी हाय."

आईसमोर हे नाव कोणी घेतलेलं नाही. दादानंही नाही.

"त्या बाजाराले जागा खाली दिसली, तवाच समजलं मले," आई म्हणाली. "मुकी नव्हती ते, रुखमे. माझ्यासंग बोले."