कानामागची बट

प्रिय डावऱ्या,

इतक्या दिवसांनी ताईचं पत्र बघून दचकला असशील. दचकायला कारण आहेच. गेल्या महिन्यात तू आपणहून फोन केलास, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. ज्याला वाढदिवसालाही ताई आठवत नाही, तो आमच्या संग्रहालयात नवीन काय आलं याची चौकशी करतो?

आलं होतं. लेण्यातल्या बुद्धमूर्तीचं मस्तक, दीड हजार वर्षांपूर्वीचं म्हणे. ते अस्सल आहे अशा अहवालावर सोमवारी माझी सही हवी आहे. आणणारा गृहस्थ इतका गोड बोलला की आधी मी त्याच्यावरच संशय घेतला. मग आमच्या संचालकांवर, कारण त्यांना भारी घाई. दगडात मात्र खोट सापडेना. लेणं वरून खाली कोरत आणतात आणि मूर्तीची पाठ डोंगरातच राहते, म्हणून मागची बाजू ओबडधोबड हवी. तशी ती आहे. उजेड फक्त दारातून येतो, म्हणून अंधाराकडची पापणी जरा खोल घ्यावी, असं मूर्ती घडवताना बाबा म्हणायचे. तीही खोल आहे. अर्धवट मिटलेले डोळे, ओठांवर येऊ की नको असं हसू. बाबांनी आपल्याला शिकवलेलं सगळं जिथल्या तिथे, आणि तेच मला खुपलं.

काल भिंग घेऊन केसांची एकेक कुरळी बट तपासली. सगळ्या उजवीकडे वळलेल्या, शास्त्राप्रमाणे. उजव्या कानामागची एकच डावीकडे. लहानपणी तुझा हात कंटाळला की नेमकी तिथलीच बट उलटी वळायची, आणि बाबांनी बघायच्या आत मी ती घासून नवी कोरायचे. तुझा मार असा किती वेळा चुकवला, आठवतं?

आज कानस घेऊन त्या मस्तकासमोर उभी राहिले. थोडा वेळ घासलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. मग वाटलं, ही बट चुकून राहिली, की ताई ओळखेल आणि सांभाळून घेईल म्हणून तू मुद्दाम ठेवलीस? सख्ख्या भावाबद्दल असं मनात यावं याचं रडू आलं. कानस खणात ठेवून दिली. सोमवारी अकराच्या आत ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग, मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास, तर ती बट कुणाची हे मीच लिहीन. ओठ मात्र बाबांनाही इतके छान जमले नसते. तेवढं अहवालात लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

अजूनही तुझीच,
ताई