पिठाच्या डब्यातलं हॉलतिकीट

आत्या,

भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवल्यात. पीठ काढताना डब्याच्या तळाशी माझं हॉलतिकीट सापडलं. झटकून घेतलं. या घरात पिठाचा डबा माझ्याशिवाय कोण उघडतंय, आत्या? लपवायला दुसरी जागा मिळाली न्हाय व्हय?

मी अनगोळला परीक्षेला चाललेय. बारावी करता करताच कॉलेजचा हा एक विषय पास झाला, की त्याचं क्रेडिट पुढं डिग्रीत धरतात. तुम्ही म्हणालात, “आधी बारावी तरी हो गं! लगीन ठरायच्या आधी बारसं कशाला?” बारावीच्या आधी माझं लगीन झालं, चिन्मयीचं बारसंही झालं. तेव्हा आधी काय नि मागनं काय, हे कुणीच विचारलं न्हाय.

चिन्मयी आत्ताच झोपलीय. तिच्या मुठीतनं ओढणी सोडवायला लई वेळ लागला. उठल्यावर नाचणीची आंबील पाजा, कोमट करून. चारपर्यंत मी येतेच. तोवर ती ‘आई कुठं?’ म्हणत दारापर्यंत जाईल. आई परीक्षेला गेलीय म्हणून सांगा तिला. बाजारला गेलीय म्हणू नका.

तुमची सून,
नीलम